शूटिंगचं भाडं घ्याल की शूटिंगचं नाव?

मोठं गिऱ्हाईक चार दिवसांसाठी आलं की आपण बिलावरच खूश होतो. मला हे पटत नाही. का, ते एका काउबॉय मालिकेवरून सांगतो.

अमेरिकेत सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, सुमारे १९०० मीटर उंचीवर लेक टाहो हे सरोवर आहे. ‘बोनान्झा’ (१९५९ ते १९७३) या मालिकेची गोष्ट तिथेच घडते. पण शूटिंग? बहुतेक लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत! घोडे, कॅमेरे, माणसं रोज एवढ्या लांब डोंगरात कोण नेणार? युनिट यायचं ते बाहेरची दृश्यं घ्यायला, थोडे दिवस.

आता समजा, तिथे तुमची खानावळ आहे. युनिट जेवलं, पैसे देऊन गेलं. पुढे? बसा माश्या मारत.

मालिकेच्या सुरुवातीला एक नकाशा जळताना दिसायचा. त्यावर टाहोकाठी ‘पाँडेरोसा’ रँच. ती नुसती गोष्टीतली, तरी प्रेक्षक शोधत यायचे! मग १९६७ मध्ये टाहोकाठच्या इन्क्लाइन व्हिलेजला खरीच पाँडेरोसा रँच उभी राहिली. मालिकेतल्यासारखं घर, आत जायला तिकीट. पुढे काही शूटिंगही तिथेच झालं. मालिका १९७३ ला संपली, रँच २००४ पर्यंत चालली. म्हणजे आणखी ३१ वर्षं!

तेव्हा तुमच्या वाड्यात किंवा शेतात युनिट आलं, तर भाडं ताणण्याआधी विचारा, ‘मालिकेचं नाव पाटीवर लावू का?’ परवानगी मात्र लेखीच घ्या. त्यापायी भाड्यात थोडं सोडावं लागलं, तर मी सोडेन.