रोजची दहा मिनिटे

जिजाऊंचा जन्म १५९८ साली आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे झाला. त्या काळच्या मराठा सैनिकांचे एक शस्त्र म्हणजे दांडपट्टा. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. पण मान मिळाला म्हणून दांडपट्टा कोणाला येत नाही. त्यासाठी रोज हात फिरवावा लागतो.

स्वसंरक्षणाचेही तसेच आहे. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षण शिकवण्याची योजना आहे. योजना चांगली आहे; पण पुढे सराव सुटला, तर शिकलेले विसरायला होते. संकटात माणूस घाबरतो. विचार करायला वेळ नसतो. तेव्हा शंभर वेळा केलेली कृतीच आपोआप घडते.

एक उदाहरण घ्या. कोणी मनगट धरले, तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात झटकन सोडवावा. कारण पकड तिथेच कच्ची असते. हे वाचून कळते, पण केल्यानेच जमते. गिरवल्याशिवाय अक्षर वळणदार होते का?

काही पालक म्हणतात, "अशाने मुले भांडखोर होतील." मला तसे वाटत नाही. सावध राहणे, मोठ्याने ओरडणे, हात सोडवून लोकांकडे पळणे, हेच खरे स्वसंरक्षण. ज्याचा स्वतःवर विश्वास असतो, तो उगाच हात उगारत नाही.

म्हणून मुलामुलींनो, शिकलेले रोज दहा मिनिटे करत राहा. कोणी त्रास दिला, तर घरी किंवा शाळेत लगेच सांगा. सांगण्यात लाज कसली?