लोणी बाजारात, ताक घरात

फराळाच्या ताटापुढे बसवून पावाच्या गोष्टी काय सांगता, असे तुम्ही म्हणाल. पण हा पाव बेकरीतला नव्हे. आयर्लंडच्या खेड्यातल्या गृहिणीने ताकात भिजवलेला हा घरचा पाव.

तिथल्या दमट हवेतला गहू मऊ, पिठाला चिकटपणा बेताचा. खमिराने ते नीट फुगायचे नाही. शिवाय गरिबाघरी भट्टी कुठली? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाण्याचा सोडा मिळू लागला आणि अडचण सुटली. ताकाच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो, पीठ हलके होते. मात्र मळत बसायचे नाही. हात लावला न लावला असे करून गोळा थापायचा, नाहीतर दगड!

दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या ढेकळांचा विस्तव. त्यावर 'बॅस्टिबल' नावाचे बिडाचे जाड भांडे आणि झाकणावरही निखारे. वरची आणि खालची धग सांभाळण्यातच सारी करामत. ती आमच्या वाचक भगिनींना काय सांगावी! पावावर सुरीने फुली मारायची. कुणी म्हणे देवाच्या नावाने, कुणी म्हणे आतल्या पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून. फुलीमुळे धग मध्यापर्यंत पोचते, हे कारण मला पटते. पण पऱ्यांना सोडवत नाही.

आता, हे ताक आले कुठून? घुसळून निघालेले लोणी घरच्यांच्या तोंडी क्वचितच लागे. ते लाकडी पिंपांत भरून बाजाराला जाई. कॉर्क शहरातला लोण्याचा बाजार तर १७७० पासून १९२४ पर्यंत चालला. तिथून पिंपे बोटींनी दूरदेशी जात. त्या पैशांत जमीनदाराचा खंड भागे. घरात उरे ते ताक.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. लोण्याची पिंपे मात्र बंदराबाहेर जातच होती. सरकारने अमेरिकेतून मका आणला. त्याच्या पिठाला लोक 'इंडियन मील' म्हणत. (इंडियन म्हणजे आपण नव्हे!) तो शिजवावा कसा, हेच कुणाला ठाऊक नव्हते, अनेकांची पोटे बिघडली. पुढे त्याच पिवळ्या पिठाचेही पाव घरोघर होऊ लागले.

आज डब्लिनच्या हॉटेलांत हा ताकातला पाव मोठ्या कौतुकाने पुढे येतो, आणि शेजारी लोण्याची वाटी असते.