सेल्समन खोटे का बोलतो?

व्यापारी बंधू भेटले की एकच तक्रार ऐकू येते : चांगला सेल्समन मिळत नाही. कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. आम्हाला तर हे दुखणे काउंटरवर नव्हे, गल्ल्यावर दिसते.

आमचे सूस गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेले. आता जुने गावकरी येतात, तसे मोबाईलवर भाव पाहून आलेले सोसायटीतले गिऱ्हाईकही येते. दोघांपुढे नुसती गोड जीभ चालत नाही. ३६ इंच पन्ह्यात शर्टाला सव्वादोन मीटर लागते, ५८ इंचात पावणेदोन मीटरमध्ये भागते. हे स्वतःहून सांगणारा मुलगा आज अर्धा मीटर कमी विकतो, पण ते घर पुन्हा आपल्याकडेच येते. सुती कापड आटते, आधी भिजवून मग शिवा, हेही त्यानेच सांगावे.

पण सांगेल कसा? गिऱ्हाईक रिकामे गेले की आपण त्याला चारचौघांत झापतो. आम्हीही झापले आहे. त्याच धाकाने एका मुलाने कच्च्या रंगाचे कापड पक्के म्हणून दिले. कापड परत आले, आणि नुकसान आम्ही त्याच्याच पगारातून कापले! आज त्याची लाज वाटते.

दुकानातल्या नोकरांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने दिला. आमचा मुलगा मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत उभाच असे. गेल्या ईदनंतर आम्ही काउंटरमागे दोन स्टुले ठेवली. मुले अजून आमच्याकडे पाहूनच बसतात.