गळ बॅगेत टाक, पण मोजपट्टीही घे

माझा भाचा येत्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी नॉर्वेतल्या बर्गन शहरात राहायला चाललाय. आपाला काळजी आहे थंडीची, नमाजच्या वेळांची, जेवणाची. मित्रांना उत्सुकता पगाराची. भाच्याने मला मात्र एकच प्रश्न विचारला, "मामू, तिथं समुद्रावर गळ टाकता येईल का?" घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. माणूस परमुलखात जाताना सोबत काय नेऊ इच्छितो, यावरून तो इथलं काय सोडून चाललाय ते कळतं.

हा नाद त्याला माझ्यामुळे लागला. पाताळगंगेच्या काठावर मीच त्याच्या हातात पहिली काठी दिली होती. आमची ही नदी उन्हाळ्यातही वाहते, कारण घाटावरच्या धरणांचं पाणी खोपोलीच्या वीजघरातून खाली उतरून तिला मिळतं. हे वीजघर 1915 सालचं. त्यामुळे मे महिन्यातही गळाला गांडूळ लावून बसलं की मळ्या, शिंगाळी, नशीब असेल तर मरळ लागायची. 'लागायची' असं लिहितोय, कारण आता दिवसभर बसून बऱ्याचदा रिकाम्या पिशवीने घरी यावं लागतं.

भाच्याचा प्रश्न मी मनावर घेतला आणि वाचायला बसलो. जे हाती लागलं ते तिकडे जाणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडतो.

नॉर्वेत समुद्रावर काठीने किंवा हातदोरीने मासे धरायला परवाना लागत नाही, पैसेही पडत नाहीत. नदीतल्या सामन माशासाठी मात्र सरकारी शुल्क भरावं लागतं आणि त्या नदीचा वेगळा परवानाही घ्यावा लागतो. स्वीडनमध्येही किनाऱ्यावर हातगळ मोकळा आहे. डेन्मार्कमध्ये 18 वर्षांवरच्या माणसाला आधी परवाना काढावा लागतो. म्हणजे 'स्कँडिनेव्हिया' असं एका शब्दात म्हटलं, तरी तीन देशांचे तीन कायदे आहेत. शेजारच्या देशात गळ टाकण्याआधी तिथला नियम विचारायचा.

पाण्याची तऱ्हाही वेगवेगळी. आमच्याकडे रेवस-अलिबागला जायचं तर आधी उधाण की भांग ते बघावं लागतं. स्वीडनच्या पूर्वेचा बाल्टिक समुद्र भरती-ओहोटी जवळपास पाळतच नाही, आणि तो इतका कमी खारट आहे की गोड्या पाण्यातले पाइक आणि पर्च हे मासे तिथे चक्क समुद्रात सापडतात. बर्गनला मात्र खरा समुद्र आहे. उन्हाळ्यात मॅकरेल येतो, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच. काठावरून सेई आणि लीर मिळतात, कॉडही मिळतो. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. खालापूरच्या पोराला त्याचं काय कौतुक! पण पाणी थंड असतं, आणि पोहता येणं तिथे पुरत नाही. आठ मीटरपेक्षा लहान होडी चालू असताना अंगात लाइफ जॅकेट असणं 2015 पासून कायद्याने सक्तीचं आहे.

आपाच्या काळजीचं उत्तरही यातच आहे. या तिन्ही देशांत जनावराला बेशुद्ध केल्याशिवाय कापायला बंदी आहे, त्यामुळे मटण घेताना आपल्या माणसाला दहा प्रश्न पडतात. माशाला जबीहा लागतच नाही. समुद्राची शिकार आपल्याला हलाल आहे, आणि आपण कोकणी शाफई, म्हणजे कोळंबीचाही प्रश्न उरत नाही. आमसूल आणि मसाल्याची पुडी सोबत दिली की पोरगं उपाशी राहणार नाही, इन्शाअल्लाह.

आता माझं खरं म्हणणं. नॉर्वेचा समुद्र मोकळा आहे, पण बेवारस नाही. बर्गनच्या बाजूला कॉड 40 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि जगण्याजोगा असेल, तर परत पाण्यात सोडावा लागतो. उत्तरेकडे ही मर्यादा 44 आहे. मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांपासून शंभर मीटरच्या आत गळ टाकायचा नाही. प्रत्येक दगडावर कुणी पोलीस उभा नसतो. माणूस आणि मासा दोघंच असतात, आणि मोजपट्टी.

तिथे सगळं आलबेल आहे, असंही समजू नये. कॉड इतका घटला की 2019 पासून ऑस्लो फ्योर्डमध्ये हौशी माणसाला तो धरायला बंदी आहे. 2024 च्या जूनमध्ये सामन फारच कमी परतले, तेव्हा ऐन हंगामात 33 नद्यांवरची सामन-शिकार थांबवावी लागली. फरक इतकाच की मासा घटला हे त्यांनी मोजलं, कबूल केलं आणि हात आवरला.

आपल्याकडे काय होतं? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. पण त्याच जूनमध्ये पहिल्या पावसाला कर्जत-खालापुरात वलगण लागते. अंड्यांनी भरलेले मासे उलट्या पाण्याने शेतात, ओढ्यात चढतात आणि आपण बॅटऱ्या घेऊन धावतो. मीही धावलोय. भाच्याला खांद्यावर घेऊन धावलोय. गाबोळीची चव अजून जिभेवर आहे. नदी रिकामी झाली म्हणून मी कारखान्यांच्या नावाने बोटं मोडतो, ते चूक नाही. पण माझ्या पिशवीतल्या त्या गाबोळीचा हिशेब मी कधी केला नाही.

इथे कुणी कातकरी बांधवांकडे बोट दाखवेल, तर ते मला मान्य नाही. ज्याच्या घरात पावसाळ्यात दुसरं काही शिजत नाही, त्याचा मासा ही त्याची भाकर आहे. प्रश्न माझ्यासारख्या पगारदाराचा आहे. मी हौसेसाठी जातो, गरजेपेक्षा जास्त आणतो आणि फोटो टाकतो. जिवंत जीवाला निशाण्याचं लक्ष्य करू नका, असं आपल्याला शिकवलंय. रिज्क घ्यायचं, पण हावरटपणा करायचा नाही.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, काठी इथून नेऊ नकोस, तिथल्या पाण्याला चालेल अशी तिथेच घे. दोरी आणि दोन गळ आठवण म्हणून ने. माझ्या शाळेच्या कपाटातली कापडी मोजपट्टी मी त्याच्या बॅगेत ठेवली आहे. तशीच एक स्वतःसाठीही आणली. या वर्षी वलगणीला मी गेलो नाही. नदीला त्याने किती फरक पडला ते मला मोजता येणार नाही, पण सुरुवात कुठूनतरी करायला हवी होती.