व्यासांचा लेखनिक आणि आमची परीक्षा

परीक्षांचा हंगाम जवळ आला म्हणजे आमच्या सदाशिव पेठेत एका विशिष्ट मासल्याची निरोपपत्रे फिरू लागतात. एके काळी ती वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असत. आता ती व्हॉट्सॲपवरून येतात. ‘अंध विद्यार्थ्यास लेखनिक हवा आहे, विषय अमुक, तारीख अमुक, कृपया सहकार्य करावे.’ निरोप वाचून सुज्ञ गृहस्थ हळहळतात, तो चार ठिकाणी पुढे धाडतात, आणि आपल्या हातून एक पुण्यकर्म घडले अशा समाधानाने वामकुक्षीस लागतात. आमचा आजचा वाद या हळहळीशी आहे.

वस्तुतः असा लेखनिक मिळवून देणे हे पुण्यकर्मच नव्हे. ते कायद्याने लादलेले कर्तव्य आहे, आणि तेही पेठेतील परोपकारी मंडळींवर लादलेले नसून शिक्षणसंस्थांवर व सरकारवर लादलेले आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या सोळाव्या कलमात प्रत्येक मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुरूप वाजवी सोय करून द्यावी असे म्हटले आहे. सतराव्या कलमात परीक्षेतील वाढीव वेळ व लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख आहे. आणि दुसऱ्या कलमात ‘भेदभाव’ या शब्दाची व्याख्या करताना वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच होय असे सांगून टाकले आहे. म्हणजे जो कारकून ‘यंदा जमणार नाही, पुढल्या वर्षी पाहू’ असे म्हणून अर्ज परत करतो, तो आपल्या समजुतीप्रमाणे केवळ एक गैरसोय टाळीत असतो. कायद्याच्या भाषेत तो भेदभाव करीत असतो. पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत व पुढच्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडही याच अधिनियमात सांगितला आहे.

इतके असूनही आमच्या महाविद्यालयांच्या नमुनेवजा अर्जांवर शीर्षक असते ते ‘सवलतीसाठी अर्ज’. या एका शब्दाने सारा घोटाळा केला आहे. सवलत म्हटली की देणारा दाता व घेणारा याचक ठरतो. दात्याची मर्जी, याचकाचे नशीब. परंतु चष्मा लावून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलास आपण सवलत दिली, असे कोणी म्हणते काय? परीक्षागृहात दिवे लावलेले असतात. अंध मुलास त्यांचा काडीचा उपयोग नाही. तो सारा खर्च डोळसांसाठी असतो. तरीही डोळसांनी दिव्यासाठी अर्ज करावा, सोबत डोळे असल्याचा वैद्यकीय दाखला जोडावा, आणि मंजुरीचे पत्र पर्यवेक्षकास दाखवावे, असे आजवर कोणत्याही विद्यापीठास सुचलेले नाही. बहुसंख्यांची सोय ती व्यवस्था आणि थोड्यांची सोय ती सवलत, असा हा हिशेब आहे.

आता आक्षेपकांचा मुख्य मुद्दा घेऊ. ते म्हणतात, परीक्षा ही सर्वांना सारखी हवी. एकास तीन तास आणि दुसऱ्यास चार, ही कसली गुणवत्ता? केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे निदान वीस मिनिटे वाढीव द्यावी असे ठरविले. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला हा एक तास होतो. तो कशात जातो हे आक्षेपकांनी एकदा शेजारी बसून पाहावे. प्रश्न दुसऱ्याकडून वाचवून घ्यावयाचा. तो डोळ्यांपुढे राहत नाही म्हणून पुन्हा वाचवून घ्यावयाचा. उत्तर मनात जुळवून लेखनिकाच्या हाताच्या गतीने सांगावयाचे. अवघड नावांची अक्षरे फोडून सांगावयाची. आणि मागे काय लिहिले गेले हे पाहण्यासाठी त्यालाच परत वाचावयास लावावयाचे. ज्याचा हात थरथरतो किंवा आखडतो, त्याची कथा निराळी, पण घड्याळ तेच. परीक्षा ज्ञानाची आहे की हस्ताक्षराच्या वेगाची, हे आधी ठरवा. मग समतेच्या गोष्टी बोलू.

आणि लेखनिकाने गुणवत्ता बुडते असे पुण्यात बसून म्हणणे तर विशेषच नवल. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा या शहरातील शेंबडे पोरही जाणते. ज्ञानेश्वरीच्या लेखनाचे काम सच्चिदानंद बाबांनी केले. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणीच अंध झाले, आणि त्यांची शंभरावर पुस्तके त्यांनी सांगितली व इतरांनी लिहून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. यांपैकी कोणाच्या विद्वत्तेबद्दल लेखनिकामुळे शंका घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट २०१८ च्या त्याच सूचनांतला एक नियम असा होता, की उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण उमेदवाराहून एक पायरी खाली असावे. या नियमाने चौदा विद्यांचा अधिपती तत्काळ अपात्र ठरला असता, आणि व्यासांना आयत्या वेळी कोणी अकरावीतला पोर शोधीत हिंडावे लागले असते.

विनोद बाजूला ठेवू. नियमामागची भीती आम्हांस समजते. लेखनिकानेच उत्तरे सांगितली तर काय, ही शंका अगदी निराधार नाही. परंतु परिणाम काय होतो पाहा. संख्याशास्त्राच्या पदवी-परीक्षेस बसलेल्या मुलाला ‘सिग्मा’ हे चिन्ह ज्याने जन्मात पाहिले नाही असा लेखनिक मिळतो, आणि वाढीव तासातला बराच भाग त्या चिन्हाचे चित्र शब्दांनी काढून दाखविण्यात जातो. यावर उपाय त्याच सूचनांत होता: ब्रेल, मोठा टाइप, संगणक, किंवा उत्तरे ध्वनिमुद्रित करणे, यांतून शक्यतो विद्यार्थ्याने निवड करावी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एन.व्ही.डी.ए. नावाची आज्ञावली तर फुकट मिळते. ती २००६ साली एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केली. तिला पैसे लागत नाहीत. महाविद्यालयाचा एक संगणक आणि एका माणसाची इच्छा एवढेच लागते.

दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. २०२४ साली पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून मोठे वादंग माजले, लोकसेवा आयोगाने ३१ जुलै रोजी ती उमेदवारी रद्द केली, आणि तेव्हापासून पेठेतल्या प्रत्येक कट्ट्यावर अपंगत्व म्हणजे लबाडीचा संशय असे समीकरण बसले आहे. खोट्या नाण्यांच्या भीतीने खरी नाणी बंद करणारा सराफ आम्ही अद्याप पाहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे हाच कोटिक्रम ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकालात निघालेल्या विकास कुमार खटल्यात येऊन गेला आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराने नागरी सेवा परीक्षेस लेखनिक मागितला होता. दुरुपयोग होईल ही सबब न्यायालयाने मानली नाही, आणि चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असल्याखेरीज लेखनिक नाही हा आग्रहही मोडून काढला. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातीलच ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की दाखल्यावरील टक्केवारी पाहून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही हे मंडळाने तपासले पाहिजे. टक्क्यांकडे न पाहता माणसाकडे पाहा, एवढेच सांगण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायासनास बसावे लागले!

आमच्या परिचयातील एक मुलगी पेठेतल्याच एका जुन्या वाड्यात राहते. तिची दृष्टी फारच क्षीण आहे. ती ज्या महाविद्यालयात जाते त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दुसरे कोणते असते तरी कथा बहुधा हीच झाली असती. तिचे अपंगत्व कायमचे आहे असे दाखल्यावर छापलेले आहे. तरीही प्रत्येक सत्रास तिला नवा अर्ज करावा लागतो, दाखल्याची नवी प्रत जोडावी लागते, लेखनिकाचे ओळखपत्र व गुणपत्रिका न्यावी लागते, आणि हे सारे तिसऱ्या मजल्यावरील परीक्षा-विभागात, जेथे उद्वाहक नाही. गेल्या सत्रात मंजुरीचे पत्र वर्गापर्यंत पोचलेच नाही. ते शोधण्यात पाऊण तास गेला, पर्यवेक्षक बाईंनी अत्यंत सौजन्याने तिला पाणी दिले, आणि वेळ संपताच उत्तरपत्रिका काढून घेतली. वाढीव तासातून तिच्या वाट्यास पंधरा मिनिटे आली. तिच्या वडिलांनी तक्रार केली नाही. ‘पुढेही त्यांच्याकडेच जायचे आहे,’ असे ते आम्हांस म्हणाले. सवलत या शब्दाचा खरा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला.

अभ्यासाच्या साधनांविषयी तर मराठी भाषिकांनी मान खाली घालावी. अंधांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याचा मराकेश येथील आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. २०१४ साली त्यास मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१२ मध्येच आमच्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली होती. पण सदाशिव पेठेतील झेरॉक्सच्या दुकानांत ज्या टिपणांवर मराठी माध्यमाचे विद्यार्थी पदवीधर होतात, ती युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली किंवा छायाचित्रांच्या रूपात असतात. वाचक-आज्ञावलीला फाँटातले ‘महाराष्ट्र’ म्हणजे रोमन अक्षरांचा अर्थशून्य खडखडाट, आणि छायाचित्र म्हणजे कोरा कागद. ज्या पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, साहित्य परिषद आहे, आणि दर चार घरांआड एक लेखक आहे, तेथील प्राध्यापकांना आपली टिपणे युनिकोडात द्या एवढे सांगण्यास कोणी मिळू नये? कर्णबधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांच्या वाट्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी तर सोडाच, फळ्याकडे पाठ न करता बोलणारा शिक्षक आला तरी भाग्य.

नावे मात्र आपण उदारपणे बदलली. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही निघाला. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आकडे बोलतात ते असे: २०११ च्या जनगणनेत देशात दर हजारी बावीस माणसे अपंग होती, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. २०२०–२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीत चार कोटी तेरा लाखांवर विद्यार्थ्यांत अपंग विद्यार्थी आढळले सुमारे ७९ हजार, म्हणजे हजारी दोनसुद्धा नव्हेत. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखण्याचे कलम त्याच २०१६ च्या कायद्यात आहे. बाकीचे कोठे गेले? काही जण जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परतले असतील, आणि काहींच्या वडिलांनी तक्रार केली नसेल.

आमची मागणी फार मोठी नाही. प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याला काय लागेल हे एकदा लिहून घ्यावे व ते पदवी हाती पडेपर्यंत ग्राह्य धरावे. लेखनिकांची यादी महाविद्यालयाने ठेवावी, त्यांना मेहनताना द्यावा. ती शोधण्याचे काम परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याच्या आईकडे नसावे. जो संगणकावर लिहू इच्छितो त्यास लिहू द्यावे. परीक्षा-विभाग तळमजल्यावर आणावा. त्यासाठी कोणत्याही न्यायालयात जाण्याची गरज नाही, चार टेबले खाली आणणारे हमाल पुरतात. आणि त्या अर्जाच्या शीर्षकातला ‘सवलत’ हा शब्द खोडावा.

वर सांगितलेल्या मुलीचे पुढचे सत्र आता जवळ आले आहे. निरोपपत्र काल आमच्याकडेही येऊन गेले. अर्ज पुन्हा नव्याने करावयाचा आहे, आणि जिने तेच आहेत.