घराबरोबर भाडेकरूही येतो!

करोल बागेत दोन मजली जुनं घर विक्रीला आहे. खाली भाडेकरू, वरही भाडेकरू. डीलर म्हणतो, “एका मजल्यावर तुम्ही राहा, दुसऱ्याच्या भाड्यातून ईएमआय भरा.” हिशेब छानच आहे. पण बयाना (म्हणजे आपला इसार) देण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा. भाडं किती?

दिल्लीत सगळं या आकड्यावर अडतं. महिन्याचं भाडं ३,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १९५८चा दिल्ली भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही. कराराची मुदत संपल्यावर नोटीस द्यायची, तरी जागा सोडली नाही तर दिवाणी न्यायालयात दावा करायचा. वेळ जातो, पण वाट सरळ आहे.

भाडं त्याहून कमी असेल, तर मात्र थांबा. ‘मला स्वतःला राहायचंय’ या कारणावर घरमालक जागा मागू शकतो, हे खरं. पण भाडेकरूसकट घर विकत घेणाऱ्याला हा अर्ज खरेदीपासून ५ वर्षं करताच येत नाही. कलम १४(६) वाचा. आज पहिलीत असलेलं तुमचं मूल तोवर सहावीत जाईल आणि तुम्ही ईएमआयही भराल, स्वतःच्या घराचं भाडंही! निकाल तुमच्या बाजूने लागला तरी ताबा आणखी ६ महिन्यांनी. मला ही अट रास्तच वाटते. नाहीतर भाडेकरूला हटवायला घरं विकण्याचा धंदाच सुरू झाला असता.

मालक बदलला की करार संपतो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. जुना करार तुमच्यावरही बंधनकारक असतो. म्हणून करार, भाडेपावत्या स्वतः बघा. डिपॉझिटची रक्कम किमतीतून वळती करून घ्या. खरेदीनंतर भाडेकरूला लेखी कळवा. कळवलं नाही आणि त्याने जुन्या मालकालाच भाडं दिलं, तर ते तुम्हाला पुन्हा मागता येणार नाही.

“महिनाभरात खाली करून देतो,” हे विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन सोडून द्या. तुम्हाला हवा तो मजला रिकामा मिळाल्यावरच उरलेली रक्कम, असं साठेखतात लिहून घ्या. नोएडा, गुरुग्राममध्ये घर बघत असाल, तर तिथले कायदे वेगळे आहेत, वकीलही तिथलाच गाठा.

आणि हो, व्यवहाराआधी दोन्ही भाडेकरूंना एकदा भेटाच. त्यातलं एक कुटुंब उद्या तुमचं शेजारी असणार आहे.