सुई आणि पाळणा

सुईशी आपला संबंध तसा जुनाच. बाळाचे कान टोचायचे, पायातला काटा काढायचा, उसवलेल्या परकराला टाके घालायचे, इतपत. अलीकडे मात्र तिच्यावर एक नवेच काम येऊन पडले आहे. लग्नाला तीनचार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की एखादी मावशी सुनेच्या कानाशी लागते, "अगं, त्या चिनी सुया टोचून घे की! हॉर्मोन्स ताळ्यावर येतात म्हणे!"

या 'म्हणे'त तथ्य किती, ते पाहू या.

सुया चिनी असल्या तरी आपल्याला अगदीच परक्या नाहीत. १९३८ साली जे भारतीय वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिकडेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे ही विद्या चीनमध्ये शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात आणली. आता तर महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. पण कायद्याने मान्यता मिळाली म्हणजे सुईने दिवस राहतात असे सिद्ध झाले, असा अर्थ कोणी काढू नये.

स्त्रीच्या शरीरातले महिन्याचे चक्र मेंदूच्या हुकमतीखाली चालते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हॉर्मोन सोडते, त्या निरोपावर बीजकोशात बीज पिकते आणि बीजकोशाची हॉर्मोन्स उलट मेंदूला पोच देतात. सुईने मज्जातंतू चाळवले, की ही निरोपानिरोपी सुधारते, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आहे. ऐकायला ते पटते. पण पटणे वेगळे आणि पाळणा हलणे वेगळे.

२००२ साली जर्मनीत टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांवर झालेला एक प्रयोग बराच गाजला. सुया टोचलेल्या ८० जणींपैकी ३४ जणींना दिवस राहिले, न टोचलेल्या ८० पैकी २१ जणींना. सुईवाल्यांना हर्ष झाला. पण टोचून घेणारीला आपल्यावर काही विशेष उपचार चालला आहे हे ठाऊक होते, ही त्यातली मेख. म्हणून पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांपैकी काहींना खऱ्या सुया टोचल्या आणि काहींना लटक्या, म्हणजे कातडीत न शिरणाऱ्या. २०१८ साली निकाल आला. खऱ्या सुयांच्या गटात शेकडा १८.३ जणींना मूल झाले, लटक्यांच्या गटात १७.८ जणींना! चीनमध्येच एक हजार स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाळी अनियमित करणारा, हल्ली घरोघर ऐकू येणारा पीसीओएस हा विकार या स्त्रियांना होता. क्लोमिफीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत शेकडा सुमारे २९ जणींना मूल झाले, न घेणाऱ्यांत सुमारे १५ जणींना. खऱ्या सुया टोचल्या म्हणून त्यात काही भर पडली नाही.

मग सुया फुकटच का? माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या घेते. मी हे आकडे सांगितले, तेव्हा ती हसली. म्हणाली, "बाई, तिथे अर्धा तास डोळे मिटून पडायला मिळतं. 'काही विशेष?' असं कोणी विचारत नाही." यावर मी काय बोलणार? तेवढ्यासाठी तिने जरूर जावे. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची आहे ना, हे पाहावे. डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि त्यांच्या गोळ्या बंद करू नयेत. पण 'आधी सुयांचा कोर्स, मग डॉक्टर' हा बेत मात्र नको. वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर डॉक्टर गाठावा, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच. स्त्रीचे बीज वयाबरोबर उतरत जाते, आणि कोर्समध्ये गेलेले वर्ष कोणी परत आणून देत नाही.

आणखी एक. या सुया नेहमी सुनेलाच का टोचायच्या? आपली भाषाही मोठी पक्षपाती. 'वांझ' म्हणायचे ते बाईला. पुरुष नुसता 'निपुत्रिक'. त्या शब्दात हळहळ आहे, ठपका नाही. मंगळागौरीच्या कहाणीतला गोसावीसुद्धा भिक्षा नाकारतो ती वाण्याच्या बायकोच्या हातची! वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते. वीर्याची तपासणी तर साऱ्या तपासण्यांत सोपी. ना सुई, ना भूल. तरी बायकोच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, नळ्यांच्या तपासण्या आटोपल्या, उपासतापास झाले, सुयाही टोचून झाल्या, की मग चिरंजीवांना कोणीतरी भीत भीत विचारते. आणि चिरंजीव म्हणतात, "मला काय झालंय?"